कोरडे गुडघे

खारजच्या गोठ्यात जानेवारीत
गाई रात्रीच वितात.
का, ते अब्देलबागीला विचारलं तर म्हणतो,
दिवसा माणसं फार बोलतात.

पावणेतीन. पारा चारवर.
वाळूला ऊब सांभाळता येत नाही,
दिवसभर मिळालेली सगळी
मगरिबच्या आत उधळून बसते.
मग उत्तरेचा वारा
तारेच्या कुंपणातून आवाज न करता आत येतो,
ओळखीच्या घरात आल्यासारखा.

वासरू पडलं तेव्हा अंगातून वाफ निघत होती.
तोवर बरं असतं.
वाफ थांबली की आपलं काम सुरू.

आधी नाकातोंडातलं चिकट काढायचं.
मग पोत्याने चोळायचं, पाठीवरून, केसांच्या उलट,
गाय चाटते तसं;
फक्त गाईला ते शिकवावं लागत नाही,
आणि तिला इथे
दहा मिनिटांच्या वर थांबू देत नाहीत.
नाळेला आयोडीन.
कान मुठीत धरून बघायचे.
शेवटी बोट तोंडात घालायचं.
तोंड गरम, तर वासरू आपलं.
गार, तर अजून कोणाचंच नाही.

याचं तोंड गार होतं.

जाकिटं संपलेली. चाळीस आली होती,
हे एक्केचाळिसावं.
टेकबहादूर खोलीकडे पळाला
आणि विमानातलं ब्लँकेट घेऊन आला.
प्रत्येकाच्या गादीखाली एक असतंच,
जांभळं, कोपऱ्यावर कंपनीचं नाव.
परत द्या, असं त्या बाई म्हणतात
तेव्हा आपल्याला नेमकं इंग्रजी येत नसतं.
खाद्याच्या पिशवीची दोरी सोडून
पोटाखालून गाठ मारली.

बाटलीत चीक, काचेवर थेंब टाकून पास झालेला.
तीन लिटर, अंगाइतका कोमट.
चोखेना, म्हणून नळीने, हळूहळू.

आमच्या कडगावात लाली व्यायली
की चिकाचं पातेलं आधी चुलीवर चढायचं.
गूळ, वेलदोडा, किसलेलं जायफळ.
गल्लीत वाटीवाटीने खरवस.
वासराला दोन घोट;
जास्त पिलं तर हगवण लागते, म्हणायचे.
इथे आलो त्या वर्षी डॉक्टरने
फळ्यावर घड्याळ काढून सांगितलं,
पहिल्या सहा तासांत पोटात जाईल
तेवढंच त्याचं कवच.
सगळे लिहून घेत होते.
मी मागच्या बाकावर
एकेक वासरू मोजत होतो,
जे पहिल्या थंडीत गेलं
आणि ज्याचा खरवस मी मागून घेतला होता.

हा गोऱ्हा आहे.
म्हणजे निळा बिल्ला आणि गुरुवारचा ट्रक.
अब्देलबागीला माहीत आहे, टेकबहादूरला, मला.
कोणी काही बोललं नाही.
दिव्याखाली गव्हाचं काड पसरलं,
पाय दिसेनासे होईतो,
आणखी एक पेंढी, आणखी एक.
मग तिथे गुडघे टेकून वीस आकडे मोजायचे.
गुडघे ओले झाले तर सगळं काढून पुन्हा.
म्हातारा टेकून बसला,
तेव्हा तपासणी चाललीय की नमाज,
लांबून कळलं नसतं.
उठला, विजारीवरून हात फिरवला.
नाशिफ, म्हणाला.
कोरडं.

चार वाजून दहा मिनिटांनी
मी पुन्हा बोट घातलं.
आत काहीतरी खरखरीत हललं
आणि बोटाला गुंडाळलं गेलं.
ओढलं तर सोडेना.
तसाच बसून राहिलो, डावा हात त्याच्याकडे,
उजव्याने चहाचा कप.

सकाळी जोमोन वही घेऊन आला.
ब्लँकेटवरचं नाव वाचलं. हे कोणाचं?
याचंच, टेकबहादूर म्हणाला,
येताना घेऊन आला.
जोमोनला हसू आलं, ते त्याने वहीत घातलं
आणि नंबर टिपून पुढे गेला.

गुरुवारला अजून तीन रात्री होत्या.
तिन्ही थंड.